वारस दाखला काढायचाय? तलाठी, सोसायटी, बँक आणि कोर्ट, चारही ठिकाणांचा रिव्ह्यू

घरातलं माणूस गेलं की दहावा-तेरावा व्हायच्या आत कोणीतरी सांगतंच, वारस दाखला काढून घ्या बरं का, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो पण कुठला वारस दाखला हे कोणी सांगत नाही, कारण या एका नावाखाली आपल्याकडे तीन वेगळे कागद फिरतात आणि तिन्हींचं काम वेगळं. शेतजमिनीसाठी तलाठ्याकडची वारस नोंद, घर-फ्लॅटसाठी दिवाणी कोर्टाचा वारस दाखला, आणि बँकेतल्या ठेवी-शेअर्ससाठी कोर्टाचंच पण वेगळ्या कायद्याखालचं सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र. एकाच्या जागी दुसरं चालेलच असं नाही. बाबा गेल्यानंतर आम्हाला तिन्ही लागले त्यामुळे चारही दारांचा अनुभव आहे, तो इथे सविस्तर लिहितेय, कारण त्या दिवसांत मी असंच काहीतरी शोधत होते आणि सापडत होत्या त्या सगळ्या एजंटांच्या जाहिराती.

आमच्याकडची परिस्थिती अशी, की गावाकडे बाबांच्या नावावर थोडी शेती, शहरात एक फ्लॅट (सोसायटीत, एकट्या बाबांच्या नावावर, नॉमिनी आई), दोन बँकांत एफडी, त्यातल्या जुन्या एफडींना नॉमिनेशनच नाही. वारस म्हणजे आई, मी, भाऊ (अमेरिकेत असतो), आणि माझी मोठी बहीण, जी बाबांच्या आधीच गेली, तिची दोन मुलं. मुलं अजून १८ ची नाहीत, म्हणजे कायद्याच्या भाषेत अज्ञान. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे बरंच लिहिणार आहे.

सगळ्यात आधी मृत्यूचा दाखला. दवाखान्यात गेले असतील तर नोंद तिथूनच जाते, घरी गेले तर ग्रामपंचायत किंवा महापालिकेत तुम्हालाच कळवायचं. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर काही खर्च नाही, त्यानंतर ३० दिवसांपर्यंत लेट फी, मग वर्षापर्यंत लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणून ही गोष्ट कितीही दुःखात असलात तरी घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसावर सोपवून टाका. नाव आधार कार्डवर आहे तस्संच आहे का ते खिडकीवरच वाचून घ्या. आमच्याकडे महापालिकेच्या बाईंनी स्वतःहून स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "ताई, वडिलांच्या वडिलांचं नाव बघून घ्या, नंतर दुरुस्तीला लई ताण होतो." त्या एका मिनिटाने आमचे पुढचे किती हेलपाटे वाचले असतील. सही-शिक्क्याच्या प्रती भरपूर घ्या, प्रत्येक दारात एक ठेवून घेतात.

आता तलाठी. हल्ली पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात अजून सगळे भाऊसाहेबच म्हणतात. शेतजमिनीची वारस नोंद हे त्यांचं काम, आणि त्यासाठी कोर्टात जायची गरज नसते हे ठासून सांगते, कारण आम्हाला दोघा-तिघांनी "आधी कोर्टाचा दाखला आणा मग सातबाऱ्यावर नाव लागेल" असं सांगितलं होतं. वारसांमध्ये भांडण नसेल तर नाही लागत. जमीन महसूल कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यापासून ३ महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या करता येतो, मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, रेशन कार्ड, सगळ्या वारसांचे आधार, आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र स्कॅन करून टाकायचं. मला ही सोय खरंच आवडली. अर्जाचा नंबर मिळतो, तो हातात असला की ऑफिसात तुमच्या बोलण्याला वजन येतं. आधी गावी जाऊन "भाऊसाहेब आज सज्जावर नाहीत, तहसीलला मीटिंग आहे" ऐकून परत यायचं हेच नशिबी होतं.

पुढची प्रोसेस दोन टप्प्यांत चालते, ती माहीत असली की मधेच काम अडलंय असं वाटत नाही. आधी गाव नमुना ६-क म्हणजे मयताच्या वारसांची नोंदवही, त्यात नोंद होते, भाऊसाहेब गावात चौकशी करतात, पोलीस पाटील, शेजारपाजारचे, भाऊबंद यांना विचारतात की बाबा, एवढेच वारस ना. मग मंडळ अधिकारी ते वारस कायम करतात. त्यानंतर नमुना ६ ला म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद पडते, हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, १५ दिवस हरकतीची मुदत असते, आणि कोणाची हरकत नसली की मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात, तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नावं चढतात. फेरफार कुठल्या टप्प्यावर आहे ते आपली चावडी या साइटवर गाव निवडलं की दिसतं. भाऊ तिकडून रात्री बघायचा आणि मला सकाळी मेसेज असायचा, "नोटीस लागली, आता पंधरा दिवस."

वंशावळीचं प्रतिज्ञापत्र हा या सगळ्याचा गाभा आहे, आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आम्ही कच्ची वंशावळ फुलस्केपवर काढून नेली होती, वर बाबा, खाली आई, मग आम्ही तिघं भावंडं, आणि ताईच्या नावापुढे "मयत" लिहून तिच्याखाली तिची दोन मुलं. ऑफिसात बसलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी (कर्मचारी नव्हेत, असे एकदोन जण कायम तिथे बसलेले असतात) कागद बघितला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "ताई, ती फांदी काढून टाका, पोरं अज्ञान आहेत, उद्या विकायला काढलं तर कोर्टाची परवानगी लागंल, कशाला लोढणं लावून घेता. जावईबापू काय म्हणणारेत?" आई माझ्या शेजारी बसली होती. ती एरवी चारचौघात बोलत नाही, पण तेव्हा तिने पेन उचललं आणि ताईच्या मुलांच्या नावाखाली ठळक रेघ मारली आणि कागद परत टेबलावर ठेवला. भाऊसाहेबांनी पण लगेच सांगितलं की सगळे वारस दाखवायचे, एक जरी लपवला तरी प्रतिज्ञापत्र खोटं होतं, आणि खोट्या प्रतिज्ञापत्रावर गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यांना माझ्याकडून पूर्ण मार्क.

हिंदू उत्तराधिकार कायद्यात (१९५६ चा) वर्ग १ चे वारस कोण ते स्पष्ट दिलंय: मुलगा, मुलगी, विधवा पत्नी, मयताची आई, आणि आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं. मयताची आई हे लोक साफ विसरतात, आजी हयात असेल तर नातवंडांइतकाच काय, तिच्या सुनेइतकाच तिचाही बरोबरीचा हिस्सा असतो. आधी वारलेल्या मुलाची विधवा वारस असते, पण आधी वारलेल्या मुलीचा नवरा नसतो, त्यामुळे आमचे दाजी स्वतः वारस नाहीत, ते मुलांचे पालक म्हणून येतात आणि सातबाऱ्यावर मुलांच्या नावाला अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून त्यांचं नाव लागतं. ताईची दोन्ही मुलं मिळून ताईचा एक हिस्सा घेतात. बाबांच्या स्वतःच्या कमाईच्या फ्लॅटमध्ये म्हणून आमचे चार सारखे भाग होतात, आई, मी, भाऊ, आणि चौथा त्या दोन लेकरांचा. लग्न झालेल्या मुलीचा हक्क हा विषय तर २००५ च्या दुरुस्तीने आणि त्यावरच्या २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने वडिलोपार्जित जमिनीतसुद्धा मिटलाय, तरी अजून "पोरींची नावं नंतर हक्कसोड करून कमी करूच, मग लावताच कशाला" हे वाक्य ऐकू येतं. हक्क सोडायचा की नाही हे मुलीने स्वतः ठरवायचं, रजिस्टर्ड दस्त करून, सबरजिस्ट्रारसमोर सही करून. वारस नोंदीत तिचं नावच न घालणं म्हणजे तिला ठरवायची संधीसुद्धा न देणं. माझा राग आहे या प्रकारावर आणि तो इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

प्रतिज्ञापत्राच्या खर्चाचं एक, बाहेर टाइप करून देणारे अजून ५०० च्या स्टँपपेपरवर करा म्हणतात. सरकारी कार्यालयात आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, २०२५ मध्ये महसूल खात्याने हे परत स्पष्ट केलंय. साध्या कागदावर चालतं. ठामपणे सांगा.

आणि ज्यांच्याकडे आजोबा-पणजोबांची नावं अजून सातबाऱ्यावर तशीच आहेत त्यांच्यासाठी: जिवंत सातबारा मोहीम. बुलढाण्यात आधी केली आणि मग १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर, गावोगाव चावडी वाचन करून मयत खातेदारांची यादी काढली आणि वारसांची नावं लावली. फार चांगलं काम झालं त्यातून, आमच्या चुलत्यांचं दोन पिढ्यांचं राहिलेलं काम त्यात मार्गी लागलं. पीक विमा, पीक कर्ज, नुकसानभरपाई, सगळं नावावर अवलंबून असतं, मेलेल्या माणसाच्या नावावर काहीच येत नाही.

तलाठी कार्यालय आणि ई-हक्क: ५ पैकी ४. एक मार्क कापला कारण अपलोड करताना फाइलची साइज जरा जास्त झाली की नेमकं काय चुकलं ते नीट समजत नाही आणि आईच्या वयाच्या माणसाला हे एकट्याने जमणारं नाही, त्यांना सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातच जावं लागतं.

एक लक्षात ठेवा, सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे मालकी कोर्टाने ठरवली असं होत नाही. ती महसुली नोंद आहे, सारा कोणाकडून घ्यायचा यासाठीची. भांडण असेल तर निकाल दिवाणी कोर्टच देणार.

सोसायटी. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो की नॉमिनी म्हणजे मालक. सहकार कायद्यात २०१९ ला जे १५४ब कलम आलं त्याच्या १५४ब-१३ मध्ये हे सगळं दिलंय. सभासद वारला की सोसायटी मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी आपसात केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त, यातलं काही असेल तर त्या माणसाच्या नावे सोसायटीतले शेअर करते, नाहीतर नॉमिनीला, पण नॉमिनी तेव्हा तात्पुरता सभासद असतो, खरे वारस नोंदले जाईपर्यंत. आमच्या सेक्रेटरी काकांनी हे सगळं आधीच वाचून ठेवलं होतं. आईला बोलावून म्हणाले, "वहिनी, मेंटेनन्सची पावती, मीटिंगची नोटीस आजपासून तुमच्या नावाने येईल, पण शेअर सर्टिफिकेटवर कायमचं नाव कोर्टाचा कागद आल्यावर चढवू." एवढं सरळ बोलणारा सेक्रेटरी असणं भाग्यच. सगळे वारस सज्ञान असते तर कौटुंबिक दस्त करून कोर्ट टाळता आलं असतं, पण अज्ञान मुलांच्या हिश्श्याच्या स्थावराबाबत पालक कोर्टाच्या परवानगीशिवाय व्यवहार करू शकत नाहीत, म्हणून आम्ही वारस दाखलाच घ्यायचा ठरवला. सोसायटी: ५ पैकी ५.

नॉमिनीचा मुद्दा निघालाच आहे तर, शेअर्स आणि डिबेंचरच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की नॉमिनी हा वारसांवर मात करत नाही, रक्कम ताब्यात घेणारा माणूस एवढंच. विम्याचं थोडं वेगळं आहे, २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवरा, बायको, मुलं, आईवडील यांना नॉमिनी केलं असेल तर पैसे त्यांचेच होतात.

आता बँक. इथे मी जरा कडक लिहिणार आहे. दोन बँका, दोन टोकं. एका बँकेत नॉमिनी आई होती, फॉर्म, मृत्यूचा दाखला, केवायसी, झालं, पैसे आले, मॅनेजर मॅडमनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, पुढच्या एफडीला नॉमिनी कोणाला ठेवायचं तेही समजावून सांगितलं. दुसरीकडे (नाव लिहीत नाही) एका सेव्हिंग खात्यात तुलनेने छोटी रक्कम, नॉमिनेशन नाही, आणि काउंटरवरून एकच टेप, "कोर्टाचा वारस दाखला आणा." कुठला दाखला, कुठल्या नियमाने, किती रकमेवर, काहीच नाही. लेखी द्या म्हटलं की "तसं लेखी देत नसतो."

आता नियम काय आहे. नॉमिनी किंवा सर्व्हायव्हर (जॉइंट खात्यातला मागे राहिलेला माणूस) असेल तर बँकेने कोर्टाचा कागद मागायचाच नसतो. नॉमिनी नसेल तरी एका मर्यादेपर्यंत इन्डेम्निटी बाँड (नंतर कोणी दावा केला तर भरपाई आम्ही देऊ अशी हमी), बाकीच्या वारसांची ना-हरकत आणि प्रतिज्ञापत्र यावर पैसे द्यायचे असतात. ही मर्यादा आधी प्रत्येक बँक आपापली ठरवायची, रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत ती किमान १५ लाख केली, सहकारी बँकांसाठी ५ लाख, आणि सगळ्या बँकांना हे लागू करायला ३१ मार्च २०२६ ची मुदत दिली. पूर्ण कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत क्लेम निकाली काढायचा, उशीर बँकेमुळे झाला तर बँक रेट अधिक ४ टक्के दराने व्याज द्यायचं, लॉकरच्या बाबतीत उशिराचे दिवसाला ५,००० रुपये. आम्ही हे सगळं एका पानावर लिहून, खाली सगळ्या वारसांच्या सह्या करून अर्ज इनवर्डला दिला, पोच घेतली, आणि आठवड्यात शाखेतून फोन आला की इन्डेम्निटीचा फॉर्म घेऊन जा. कोर्टाचं नाव परत निघालं नाही. म्हणजे नियम त्यांच्याकडे होताच, तो काउंटरवरच्या माणसाला कोणी सांगितला नव्हता किंवा त्याला सांगायचा नव्हता. नवरा गेलेली बाई एकटी बँकेत जाते तेव्हा तिला हे पान कोण लिहून देणार? या बँकेला ५ पैकी १, आणि तो एक फोन केलेल्या ऑफिसरसाठी.

त्याच बँकेतल्या बाबांच्या रिटायरमेंटच्या एफडींची बेरीज मात्र सेव्हिंग धरून मर्यादेच्या वर गेली असती, म्हणून सेव्हिंगचा प्रश्न घरखर्चासाठी आधी सोडवून बाकीच्यासाठी सक्सेशन सर्टिफिकेट घ्यावंच लागलं, ती बँकेची मागणी रास्त होती.

कोर्टाला निघण्याआधी एक काम नक्की करा: बाबांचे/आईचे सगळे पैसे कुठे कुठे आहेत ते शोधा. जुनी पासबुकं, आयटी रिटर्न, कपाटातले शेअरचे कागद. १० वर्षं हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात, त्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधता येतात आणि वारसांना परत मिळतात. हे आधी करायचं कारण असं की सक्सेशन सर्टिफिकेटच्या अर्जात प्रत्येक रकमेची यादी द्यावी लागते, आणि जे यादीत नाही ते दाखल्यात नाही. नंतर काही सापडलं तर दाखला वाढवून मिळतो पण त्यासाठी परत अर्ज, परत तारखा.

कोर्ट. दोन वेगळे अर्ज केले, वकील एकच. फ्लॅटसाठी वारस दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली, आणि एफडींसाठी सक्सेशन सर्टिफिकेट १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली. १८२७ म्हणजे आपल्याकडे रेल्वे सुद्धा यायची होती तेव्हाचा कायदा, आणि आज त्याच्यावर आमच्या आईचं नाव फ्लॅटला लागलं, मला हे फार विलक्षण वाटलं. सक्सेशनचा अर्ज मयत माणूस जिथे कायम राहत होता तिथल्या कोर्टात करायचा, त्यामुळे गावाकडे जायची गरज पडली नाही.

अर्जात आई आणि मी अर्जदार, बाकीचे वारस सामनेवाले. हा शब्द बघून भाऊ जरा दचकला, पण ती फक्त पद्धत आहे, अर्जात सगळे वारस कोर्टापुढे यायला हवेत, कोणी अर्जदार म्हणून कोणी सामनेवाला म्हणून, आणि मग सामनेवाले लेखी देतात की आमची हरकत नाही. भावाने तिकडच्या भारतीय वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करून पाठवली. परदेशातून मुखत्यारपत्र मागवणार असाल तर ते भारतात आल्यापासून ३ महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं असतं, हे वकिलांनी आठवणीने सांगितलं.

मग जाहीरनामा निघतो. वारस दाखल्याच्या जाहीरनाम्यात हरकत घ्यायला एक महिना असतो. तो कोर्टात लागतो, पेपरात छापून येतो, आणि बेलिफ येऊन राहत्या घरी चिकटवून जातो. आमच्याकडे बेलिफ आले ते भर दुपारी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत खळीची डबी. दाराच्या उजव्या बाजूला, नेमप्लेटच्या खाली, दोन बोटांनी खळ लावून कागद नीट सरळ बसवला, कडा दाबल्या, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि आईला म्हणाले, "मावशी, महिनाभर काढू नका." नेमप्लेटवर बाबांचं नाव आणि खाली कागदावर "मयत" म्हणून बाबांचंच नाव. आई रोज दार उघडताना ते वाचायची. पेपरातली नोटीस बघून नातेवाइकांचे फोन आले, "काय गं, भावावर केस केलीस का?" प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं. तुमच्याकडे मोठा गोतावळा असेल तर नोटीस येण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा, गैरसमज वाढत नाहीत.

महिन्यात कोणाची हरकत आली नाही की अर्जदाराचा पुरावा, म्हणजे शपथपत्र, मूळ कागद दाखवणं, जज साहेबांचे दोन-चार प्रश्न. आम्हाला विचारलं की मयत मुलीच्या मुलांचा हिस्सा कसा सुरक्षित ठेवणार. त्यांच्या हिश्श्याचे पैसे मुलांच्या नावे एफडीत ठेवू असं लेखी दिलं. मला या प्रश्नाचं फार बरं वाटलं. तलाठी ऑफिसात जी फांदी काढून टाका म्हणत होते, त्या फांदीबद्दल कोर्टाने स्वतःहून विचारलं. कोर्टाला वाटलं तर सक्सेशनमध्ये बाँड किंवा जामीनही मागतात, नंतर कोणी खरा वारस उभा राहिला तर त्याचं नुकसान होऊ नये म्हणून. कोर्ट फी रकमेवर अवलंबून असते, ती वकिलांकडून आधीच लेखी हिशोबाने घ्या.

वेळ लागतो, हे खोटं सांगणार नाही. मध्ये सुट्ट्या येतात, साहेबांची बदली होते, तारीख पुढे जाते. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आणि काय झालं ते दिसतं, त्यामुळे वकिलांना सारखे फोन करावे लागत नाहीत. दाखला तयार झाला की कोर्टातून बाहेर पडायच्या आत एकेक अक्षर वाचा. आमच्या सक्सेशनच्या मसुद्यात टायपिस्टने एका एफडीच्या नंबरातले दोन आकडे उलटे टाकले होते, शिरस्तेदारांना दाखवल्यावर त्यांनी तिथेच दुरुस्त करून घेतलं, तसंच पुढे गेलं असतं तर बँकेने परत पाठवलं असतं. कोर्ट: ५ पैकी ४, आणि वेळेचा प्रश्न सोडला तर माणसं म्हणून पूर्ण ५.

वकिलांबद्दल. पहिल्या एका ऑफिसात आम्हाला एफडीच्या रकमेच्या टक्क्यांत फी सांगितली. तिथून सरळ उठलो. मिळणाऱ्या रकमेत वाटा किंवा निकालावर ठरणारी फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांतच बसत नाही. दुसऱ्या वकीलबाईंनी दोन्ही अर्जांची मिळून ठरावीक फी, टप्प्याटप्प्याने, कागदावर लिहून दिली आणि शेवटपर्यंत त्यात एक रुपया वाढवला नाही. तहसील आणि कोर्टाच्या बाहेर जे "सगळं करून देतो, तुम्ही फक्त सह्या करा" म्हणतात त्यांना कोऱ्या कागदावर सही चुकूनही देऊ नका, मूळ कागद तर हातात देऊच नका.

भावजयीचं माहेर म्हापशाचं. तिचे काका गेले तेव्हा कळलं की गोव्यात सगळंच वेगळं आहे, तिथे २०१२ चा स्वतःचा वारसा कायदा आहे, वारस ठरवणारा दस्त स्पेशल नोटरीसमोर होतो, पेपरात जाहिरात येते आणि वाटणी करायची तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणीची केस, चालते. त्यामुळे गोव्यात मालमत्ता असेल तर इथल्या अनुभवावर जाऊ नका, तिथल्याच माणसाला विचारा.

ज्यांना वकिलाचा खर्च झेपणारा नाही त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना, मुलांना, दिव्यांगांनाही. प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, साधा अर्ज करायचा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचे मिस्टर गेले, मुलगा लहान, बँकेत पैसे अडकलेले, आणि एका एजंटने त्यांच्याकडून आगाऊ रक्कम घेऊन ठेवली होती. त्यांना घेऊन मी स्वतः त्या ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कनी बसवून फॉर्म भरून घेतला, काही दिवसांत वकील नेमल्याचं पत्र आलं, आणि त्या तरुण वकिलाने पहिल्याच भेटीत बँकेची कागदपत्रं बघून सांगितलं की मावशी, तुमची रक्कम मर्यादेत बसते, सक्सेशन लागणारच नाही, बँकेला अर्ज मी लिहून देतो. तो अर्ज पोच घेऊन शाखेत दिलाय. खोली सासऱ्यांच्या नावावर आहे तिचा वारस दाखल्याचा अर्ज मात्र कोर्टात दाखल झालाय, त्यात दोन्ही नणंदांची नावं पण घातलीत, आणि जाहीरनाम्याचा महिना सध्या चालू आहे.